हस्तलिखिताची सुटका

१९६४ सालच्या सप्टेंबर महिन्यात, मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी महाराष्ट्र सरकारकडे एक अर्ज गुदरला. भारत संरक्षण नियमांन्वये त्यांना अटकेत ठेवण्यात आले होते, आणि त्या सक्तीच्या एकान्तात, सरकारच्याच परवानगीने, त्यांनी अणूच्या रचनेवर मराठीत एक पुस्तक लिहून पुरे केले होते. पुस्तकाचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हे हस्तलिखित आपल्या पत्नीच्या स्वाधीन करावे, म्हणजे ते पुढे यथावकाश छापता येईल, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने ती नाकारली. संझगिरींनी कारागृहाच्या अधीक्षकांकडे पुन्हा विनंती केली. तीही नामंजूर झाली. ज्या पुस्तकाची अनुक्रमणिका पाहूनच उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची खात्री पटली की यात शुद्ध शास्त्राखेरीज काही नाही आणि देशाच्या संरक्षणाला यापासून तिळमात्र धोका संभवत नाही, त्या पुस्तकासाठी एका लेखकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तेथे त्याच्या बाजूने निकाल लागल्यावरही सरकार ते प्रकरण अपिलात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले.

सर्वोच्च न्यायालयात सरकारची कैफियत अशी होती, की स्थानबद्धाचे स्वातंत्र्य अटकेच्या हुकुमासरशी संपुष्टात येते, त्यानंतर त्याच्यापाशी उरतात त्या केवळ नियमांत नमूद केलेल्या सवलती, आणि पुस्तक प्रसिद्ध करण्याची सवलत नियमांत कोठेही नमूद नाही. १९६५ साली न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ही कैफियत फेटाळली, आणि ती फेटाळताना केलेला युक्तिवाद प्रत्येक कारागृहाच्या कचेरीत दर्शनी भिंतीवर लावावा इतक्या मोलाचा आहे. सरकारचे म्हणणे मान्य करावयाचे, तर नियमांत अन्न देण्याचे कलम नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारण्याचीही मुभा सरकारला मिळेल, असे न्यायालयाने बजावले. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे माणसाला बहाल केलेल्या सवलतींची सनद नव्हे. ती त्याच्यावर घातलेल्या निर्बंधांची मोजदाद आहे, आणि ज्याचा तीत निर्बंध म्हणून उल्लेख नाही ते त्या माणसापाशी शाबूत राहिलेले असते. देशात आणीबाणी जारी असताना, एका मराठी हस्तलिखिताच्या निमित्ताने हे तत्त्व प्रस्थापित झाले, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावयास हवा. आणि त्यानंतर साठ वर्षे उलटली तरी बंदिवानाच्या हस्तलिखिताला आपल्याकडे ठरलेली अशी वाट नाही, याची खंतही वाटावयास हवी.

वास्तविक पाहता, अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या जन्मस्थानांपैकी तुरुंग हे एक मोठे जन्मस्थान आहे. कोल्हापूर प्रकरणात शिक्षा भोगून आलेल्या आगरकरांनी १८८२ सालीच, डोंगरीच्या तुरुंगात आपण व टिळकांनी काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले ते पेन्सिलीने, आणि सुट्या कागदांवर लिहिण्याची मुभा नसल्यामुळे, पृष्ठांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्यांत. एकही पान हिशेबाबाहेर जाऊ नये अशी ती दक्षता होती. १९१४च्या जूनमध्ये टिळक सुटले, परंतु वह्या त्यांच्याबरोबर सुटल्या नाहीत. त्या काही काळ सरकारच्या ताब्यात राहिल्या, आणि न मिळाल्यास संपूर्ण ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहून काढण्याची तयारी त्या साठीकडे झुकलेल्या पुरुषाने ठेवली होती. अंदमानात सावरकरांपाशी कागदच नव्हता. ‘कमला’ काव्याच्या ओळी भिंतीवर कोरून आणि मुखोद्गत करून जतन कराव्या लागल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर १८ प्रवचने दिली आणि ती टिपून घेतली तेथेच बंदिवान असलेल्या साने गुरुजींनी. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. ही सारी परंपरा आपण भक्तिभावाने मिरवतो. पण तिच्या आत दडलेली एक गोष्ट सहसा ध्यानात घेत नाही. तुरुंगात लिहिले जाणे वेगळे आणि लिहिलेले तुरुंगाच्या दरवाजातून बाहेर पडणे वेगळे. पहिल्यासाठी लेखकाची प्रतिभा पुरते, दुसऱ्यासाठी कोणाची तरी मर्जी लागते, आणि जे मर्जीवर अवलंबून आहे त्याला हक्क हे नाव देता येत नाही.

शिवाय ही सारी नावे राजबंद्यांची आहेत. त्यांचा अपराध हाच त्यांचा गौरव होता, त्यांच्या कारावासाची वार्ता गावोगाव पोहोचलेली होती, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक कागदाची वाट पाहणारा समाज बाहेर उभा होता. ज्याच्या अपराधाचा गौरव करता येत नाही, ज्याच्या हातून चोरी, दरोडा किंवा खून घडला आहे किंवा घडल्याचा आरोप आहे, त्या सामान्य बंदिवानाविषयी आपल्या मनात करुणा असते, भय असते, क्वचित कुतूहल असते. पण तो वाचण्यासारखे काही लिहील ही अपेक्षा नसते. त्याच्याविषयी लिहिणे आपल्याला मान्य आहे. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून स्फुरलेली कथा गदिमांनी लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखे बारह हाथ’ या नावाने ती पडद्यावर आणली, आणि सहा खुनी कैद्यांच्या हृदयपरिवर्तनाने सारा देश हेलावला. तो चित्रपट थोरच आहे. परंतु त्या सहा कैद्यांच्या तोंडचे प्रत्येक वाक्य मुक्त माणसाने लिहिलेले होते, आणि त्या काळच्या आपल्या प्रेक्षकाला ते तसेच असणार हे इतके स्वाभाविक वाटले, की स्वतंत्रपूरच्या खऱ्या रहिवाशाला स्वतः काही सांगावयाचे असेल काय, हा प्रश्न कोणाच्या मनात डोकावला असेल असे वाटत नाही.

तो प्रश्न २०१९च्या फेब्रुवारीत वेगळ्याच ठिकाणी उपस्थित झाला. एका बालकाचे अपहरण करून खून केल्याबद्दल महाराष्ट्रात फाशीची शिक्षा झालेल्या एका बंदिवानाचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे होते. गुन्ह्याच्या वेळी तो २२ वर्षांचा होता आणि तोवर त्याची १८ वर्षे तुरुंगात गेली होती. तेथे तो शिकला होता, आणि त्याने कविता लिहिल्या होत्या. न्यायालयाने त्याच्या वयाचा, वर्तनाचा व शिक्षणाचा विचार केला आणि त्याबरोबरच, या कवितांवरून त्याला आपल्या कृत्याची जाणीव झाल्याचे दिसते, असेही नमूद करून त्याची फाशी रद्द केली व त्याऐवजी जन्मठेप दिली. न्यायमूर्तींनी फाशीच्या कोठडीतील माणसाच्या कविता वाचल्या, ही घटना माझ्या मते आपल्या न्यायदानाच्या इतिहासात आदराने नोंदवावी अशी आहे. तथापि तिच्यात एक शोकात्म उणीवही आहे. त्या कवितांचा विचार झाला तो अपिलातील एक दाखला म्हणून. कवीचा जीव त्यांच्यावर तोलला जात होता. कविता चांगल्या होत्या की सामान्य, त्यांत काही नवे दिसते की नाही, त्यांची भाषा कोठून आली, हे प्रश्न त्या ठिकाणी अप्रस्तुत होते आणि तसेच असावयास हवे होते. ते विचारण्याचे काम वाचकाचे, संपादकाचे आणि समीक्षकाचे आहे, आणि ते काम न्यायालयाने करावे अशी अपेक्षा ठेवून आपण आपली जबाबदारी झटकता कामा नये.

हे सांगण्याचे कारण असे, की लेखन हे जर पश्चात्तापाचे प्रमाणपत्र ठरले, तर त्यापासून लेखनाचीही हानी होते आणि न्यायाचीही. ज्याला ठाऊक आहे की आपल्या ओळींतून कोणी तरी आपली सुधारणा मोजणार आहे, तो त्या मोजमापाला उतरेल असेच लिहील. संताप, द्वेष, लज्जा, आठवणीतला दुष्ट आनंद, ज्यांच्यावाचून खरे लेखन संभवत नाही, ते सारे तो गाळील, आणि कागदावर उरेल तो एक विनंतीअर्ज. याच्या उलट टोकाचा प्रमाद अमेरिकेत घडला. जॅक हेन्री ॲबट नावाच्या बंदिवानाने नॉर्मन मेलर या सुप्रसिद्ध कादंबरीकाराला तुरुंगातून लिहिलेली पत्रे १९८१ साली ‘इन द बेली ऑफ द बीस्ट’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पत्रांतील भाषेचे तेज पाहून मेलर यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. ॲबट त्या वर्षीच्या जूनमध्ये सुटला, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात झालेल्या क्षुल्लक वादातून त्याने रिचर्ड ॲडन या २२ वर्षांच्या तरुणाचा भोसकून खून केला. ॲडन तेथे वाढप्याचे काम करीत होता. तो नट होता, नाटकेही लिहीत होता. एका लेखकाच्या सुटकेचे मोल दुसऱ्या, अद्याप कोणाला ठाऊक नसलेल्या लेखकाने आपल्या प्राणांनी चुकवले.

बंदिवानांचे लेखन प्रसिद्ध करू नये असे म्हणणारे लोक या घटनेकडे बोट दाखवतात, आणि जे प्रसिद्ध करावे असे म्हणतात ते बहुधा तिचा उल्लेख टाळतात. मला ती टाळावीशी वाटत नाही, कारण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. ॲबटचे पुस्तक छापले यात चूक झाली नाही. चूक झाली ती पुस्तकाला चारित्र्याचा दाखला समजण्यात. चांगले वाक्य लिहिता येणे आणि चांगले वागता येणे यांचा परस्परांशी जो संबंध आहे, तो मुक्त लेखकांच्या बाबतीतही फारसा घट्ट नाही, हे वाङ्मयाचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावयास नको. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रकाशनाला माफीपासून आणि बक्षिसापासून अलग करावे. सुटका केव्हा द्यावी, रजा केव्हा द्यावी, शिक्षेत सूट किती द्यावी, हे ज्याचे त्याने आपापल्या नियमांनी ठरवावे. पण जो मजकूर वाचण्यायोग्य आहे तो वाचकापर्यंत पोहोचावा, आणि त्यासाठी लेखकाने आधी सज्जन ठरण्याची अट नसावी. हस्तलिखिताची सुटका ही माणसाच्या सुटकेवर अवलंबून ठेवू नये, आणि माणसाची सुटका हस्तलिखितावर अवलंबून ठेवू नये.

यावर जो आक्षेप सर्वांत जड आहे, तो कायद्याचा नसून अंतःकरणाचा आहे. ज्या घरातले मूल गेले त्या घरातल्या आईने, एखाद्या रविवारी सकाळी पुरवणी उघडावी आणि तिला मारेकऱ्याची कविता दिसावी, हे कितपत न्याय्य आहे? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. परंतु काही मर्यादा सुज्ञ संपादकाला पाळता येण्याजोग्या आहेत. गुन्ह्याचे वर्णन करमणुकीसाठी होऊ नये. मृत व्यक्तीचे नाव, तिच्या घराच्या खुणा, तिची विटंबना होईल असा कोणताही तपशील छापला जाऊ नये. आणि लेखकाच्या गुन्ह्याची जाहिरात करून त्याचे पुस्तक खपवण्याचा मोह प्रकाशकाने कटाक्षाने टाळावा. पैशाचा प्रश्नही खराच आहे. न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली असा कायदा केला, की गुन्हेगाराला आपल्या गुन्ह्याच्या कथनातून मिळणारा पैसा प्रथम पीडितांसाठी राखून ठेवावा. हेतू निर्विवाद होता. तरीही १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण त्याचे जाळे इतके विस्तृत होते, की मॅल्कम एक्स, थोरो, इतकेच काय संत ऑगस्टीन यांची पुस्तकेही त्यात अडकली असती. पीडितांना नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे; पण ती गुन्हेगाराच्या सर्वच मिळकतीतून, न्यायालयाने ठरवलेल्या प्रमाणात मिळावी. सुतारकामाच्या मजुरीला एक न्याय आणि लेखणीच्या मजुरीला दुसरा, असा भेद करण्यास मला सबळ कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे क्वचित मांडला जातो, परंतु व्यवहारात तोच सर्वाधिक चालतो: तुरुंगातून बाहेर येणारा कागद तुरुंगाविषयी काय सांगेल याची प्रशासनाला वाटणारी धास्ती. ‘ऑटो शंकर’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या तामिळनाडूतील फाशीच्या कैद्याचे आत्मकथन ‘नक्कीरन’ या नियतकालिकाने छापावयास घेतले, तेव्हा त्यात काही वरिष्ठ अधिकाऱ्यांशी त्याच्या असलेल्या संबंधांचा उल्लेख असल्याचे सांगितले जात होते, आणि ते लेखन मुळात त्याचे नव्हेच, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी दिलेला निर्णय मुख्यतः माणसाच्या खाजगीपणाच्या हक्कासाठी स्मरला जातो. पण त्याच निर्णयात न्यायालयाने हेही सांगितले, की आपली बदनामी होईल या भीतीने सरकारला किंवा त्याच्या अधिकाऱ्यांना प्रकाशनाला आगाऊ बंदी घालता येणार नाही. मजकूर खोटा व बदनामीकारक असेल तर त्यांनी प्रकाशनानंतर कायद्याने दाद मागावी. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. भिंतीचा नकाशा, पहाऱ्याच्या वेळा, साक्षीदाराला दिलेली धमकी, हे बाहेर जाऊ नये. पण वरणात पाणी किती, झडतीच्या वेळी काय बोलले जाते, आजारी माणसाला रुग्णालयात नेण्यास किती दिवस लागतात, हे बाहेर येण्याने जी सुरक्षितता धोक्यात येते ती तुरुंगाची नसते.

येथे एका आकड्याचा विचार करणे अगत्याचे आहे. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तिघांहून किंचित अधिक, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप शाबीत झालेला नव्हता. ‘गुन्हेगारांचे साहित्य’ हा शब्दप्रयोग या आकड्यापुढे टिकत नाही. पण या आकड्यामुळे संपादकाची जबाबदारी मात्र वाढते. ज्याचा खटला चालू आहे त्याने सहज लिहिलेले एखादे वाक्य, कथेतील पात्राच्या तोंडी घातलेले एखादे बोलणे, सरकारी वकिलाच्या हाती पडल्यास त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. म्हणून कच्च्या कैद्याचे लेखन स्वीकारणाऱ्या प्रकाशकाने ते आधी त्याच्या वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्यावे, धोका काय आहे तो लेखकाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा, आणि त्यानंतर निर्णय त्याच्यावर सोपवावा. ही सावधगिरी म्हणजे सेन्सॉरशिप नव्हे. ती लेखकाविषयीच्या आस्थेची पहिली पायरी आहे.

आस्था म्हणजे दया मात्र नव्हे, आणि या दोहोंतील अंतर ज्याने जाणले त्यालाच हे काम साधेल. मनोरंजन ब्यापारी हे निर्वासित दलित कुटुंबात जन्मलेले बंगाली लेखक. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, आणि सत्तरीच्या दशकात कोलकात्याच्या तुरुंगात पडल्यावर, वयाच्या विशीत, एका सहबंद्याकडून ते अक्षरे शिकले. सुटल्यावर ते सायकलरिक्षा ओढत आणि मिळेल ते वाचत. ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ त्यांना अडला, तेव्हा रिक्षात बसलेल्या एका शिक्षिकेसारख्या दिसणाऱ्या बाईंना त्यांनी तो विचारला. त्या बाई महाश्वेतादेवी होत्या. त्यांनी अर्थ सांगितला आणि आपल्या ‘वर्तिका’ नियतकालिकासाठी लिहावयास सांगितले, आणि १९८१ साली त्यात या रिक्षावाल्याचा पहिला लेख आला. पुढे ब्यापारींनी आत्मचरित्र लिहिले, तुरुंगावर कादंबरी लिहिली, आणि २०२१ साली ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर निवडूनही गेले. या कथेत लोक रिक्षावाल्याकडे पाहून विस्मित होतात. मला त्यातील संपादिका अधिक महत्त्वाची वाटते. तिने त्याला मदतनिधी दिला नाही, त्याच्यावर लेख लिहिला नाही. तिने आपल्या नियतकालिकाची पाने त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्याकडून मजकूर मागितला.

मराठीत अशा मजकुराला जागा कोठे, हे शोधण्यासाठी दूर जावयास नको. दिवाळी अंक ही आपली शंभर वर्षांहून जुनी संस्था आहे, आणि नव्या लेखकाला पहिल्यांदा छापण्याचे श्रेय तिच्याकडे जाते. प्रत्येक प्रतिष्ठित दिवाळी अंकाने दरवर्षी बंदिवानांच्या लेखनातून एक कथा, दोन कविता निवडल्या, आणि त्या ‘कारागृहातून’ अशा चौकटीत न कोंडता इतर कथाकवितांच्या रांगेत छापल्या, तर केवढे काम होईल! निवड मात्र कठोर असावी. वाईट कविता केवळ तुरुंगातून आली म्हणून छापणे हा त्या कवीचा अपमान आहे. तिच्यात काय साधले नाही हे त्याला पत्राने कळवणे हा त्याचा सन्मान आहे. बराकीत वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, दखनी आणि मुंबईची हिंदी एकमेकींत मिसळून जी बोली तयार होते, तिच्यावर प्रमाणभाषेची इस्त्री फिरवू नये. शब्द कळत नसेल तर लेखकाला विचारावे. आणि ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांचे काय? सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या फाशी यार्डातून दिसलेल्या स्त्री-बंद्यांची शब्दचित्रे २०२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तशी निरीक्षणे मोलाची असतात, पण ज्या स्त्रियांचे जीवन पाहावयाचे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगण्याचीही सोय हवी. त्यासाठी आपल्याकडे धुळ्याच्या तुरुंगाचे उदाहरण आहेच: एक बोलत होता, दुसरा शब्दन् शब्द टिपून घेत होता, आणि पुस्तक बोलणाऱ्याच्या नावाने निघाले. अशा लेखनिकांची प्रत्येक कारागृहाला गरज आहे.

शासनाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. बंदिवानाने बाहेर पाठवण्यासाठी दिलेल्या प्रत्येक हस्तलिखिताची कचेरीतील बारनिशीत नोंद व्हावी, आणि पृष्ठसंख्येसह त्याची पोहोच त्याच्या हातात पडावी. आक्षेप असल्यास तो ठरावीक मुदतीत, लेखी, आणि कोणत्या पानावरील कोणत्या मजकुराला आहे हे स्पष्ट करून कळवावा. एका ओळीसाठी अख्खी वही अडवून ठेवू नये. एक छायाप्रत लेखकापाशी राहावी, म्हणजे झडतीत किंवा दुसऱ्या तुरुंगात बदली होताना वर्षा-दोन वर्षांचे श्रम नाहीसे होणार नाहीत. सुटकेच्या दिवशी जसे त्याचे कपडे, घड्याळ आणि मजुरीचे पैसे सही घेऊन परत दिले जातात, तसेच त्याचे कागदही परत द्यावेत. मंडालेच्या वह्यांची जी चिंता टिळकांना वाहावी लागली, ती स्वतंत्र भारतातील कोणत्याही बंदिवानाला वाहावी लागू नये, एवढाच याचा अर्थ.

प्रकाशकाच्या बाजूने जो व्यवहार व्हावयाचा, तोही इतर लेखकांशी होतो तसाच असावा: लेखी करार, ठरलेले मानधन, मुद्रिते वाचण्याची संधी. एका बाबतीत मात्र विशेष हळुवारपणा हवा. सुटून आलेला माणूस नोकरी शोधतो, भाड्याने खोली शोधतो, मुलीचे लग्न ठरवतो. आणि ज्या पुस्तकाने तुरुंगात असताना त्याला नाव दिले, तेच पुस्तक बाहेर आल्यावर त्याच्या कपाळावरचा शिक्का होऊ शकते. म्हणून टोपणनाव घेण्याचा, पुढच्या आवृत्तीत ते बदलण्याचा, मलपृष्ठावरील परिचयातून तुरुंगाचा उल्लेख वगळण्याचा अधिकार लेखकाचा असावा. पुस्तक खपावे म्हणून त्याची शिक्षा पुन्हा पुन्हा जाहीर करणे म्हणजे न्यायालयाने ठरवलेली मुदत आपल्या अखत्यारीत वाढवणे होय.

शेवटी पुन्हा संझगिरींच्या त्या पुस्तकाकडे वळतो. तुरुंगात बसलेल्या त्या माणसाने तुरुंगावर लिहिले नाही. त्याने अणूवर लिहिले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवस लिहिले, आणि त्या पुस्तकात नाशिकचा तुरुंग नाही. कोकणातले घर आहे, तेथली गरिबी आहे, आणि मुलाला घडवणारी आई आहे. बंदिवानाकडून आपण नेहमी बंदिवासाचीच गोष्ट मागतो, जणू ज्या दिवशी त्याला आत घेतले त्या दिवशी त्याचे शेत, त्याची शाळा, त्याचे प्रेम, त्याला ठाऊक असलेली पाखरे आणि अवजारे, सारे जप्त झाले. त्यांतले काहीही जप्त झालेले नाही, हे १९६५ सालच्या त्या निकालाच्या तर्काला धरूनच आहे. उद्या एखाद्या बराकीतून ज्वारीच्या पेरणीवर, विहिरीच्या खोदकामावर, नाही तर कोणाच्या तरी आईवर लिहिलेली वही आपल्या दाराशी आली, तर लिहिणाऱ्याचे कलम कोणते हे विचारण्याआधी आपण तिचे पहिले पान वाचावे.